पंक्चर, चहा आणि बंद दारं: मॉर्मन मिशनरी रोजच्या दिवसात देव कसा शोधतात?

पांढरा शर्ट, टाय, गडद पँट, छातीवर नावाची काळी पट्टी आणि कायम जोडीने. परदेशातल्या एखाद्या मोठ्या शहरात काही महिने राहिलात तर अशी दोन पोरं कुठेतरी दिसतातच. अनेक देशांत ती सायकलवर असतात. मॉर्मन चर्चचे हे मिशनरी दर आठवड्याला घरी पत्र लिहितात. हल्ली ते ईमेलने जातं, आणि बरेच घरचे लोक ते उघडपणे सगळ्यांना वाचायला देतात. अशी चार-दोन पत्रं सलग वाचली की माणूस चक्रावतो. सायकल पंक्चर झाली, त्यातून धीर धरायला शिकलो. बस चुकली म्हणून पुढच्या बसमध्ये अमुक माणूस भेटला, म्हणजे ती चुकायचीच होती. भात करपला, त्यातही काहीतरी होतंच.

काहींना हे फार गोड वाटतं, काहींना निव्वळ ओढूनताणून आणलेलं. मला ते सुतारकामासारखं शिकवून येणारं कसब वाटतं. त्याची हत्यारं ठरलेली आहेत, वेळ ठरलेली आहे, आणि ते शिकवावं का लागतं यालाही एक अगदी व्यावहारिक कारण आहे. ते कारण कळलं की पत्रं वेगळी वाचली जातात.

आधी ही मंडळी कोण ते थोडक्यात. चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ते 1830 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलं. आज मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. 1830 मध्येच स्मिथ यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं, ते हे लोक बायबलबरोबर धर्मग्रंथ म्हणून मानतात, आणि त्यावरूनच ‘मॉर्मन’ हे टोपणनाव पडलं. 2018 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं. इथे ते वापरलंय ते केवळ वाचकाच्या ओळखीचं म्हणून.

गावोगावच्या मंडळीत, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या स्थानिक गटात, पगारी धर्मगुरू नसतो, आणि मिशनरीही पगारी नसतात. मुलगे अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. 2012 मध्ये मुलग्यांसाठीची किमान वयाची अट 19 वरून 18 वर आणि मुलींसाठीची 21 वरून 19 वर आणली गेली, त्यानंतर जाणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. अमेरिकेतून जाणाऱ्याला 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, त्याआधी 400 होते. मग तो महागड्या टोकियोला जावो की स्वस्त गावाला, रक्कम तीच. कुठे जायचं हे मात्र त्याच्या हातात नाही. अर्ज करायचा, सॉल्ट लेकहून नेमणूक येते, आणि आयुष्यात ज्या देशाचं नावही नीट उच्चारलं नव्हतं तिथे जायचं. जगभरात एका वेळी असे 70 हजारांहून जास्त मिशनरी काम करत असतात.

सगळंच आध्यात्मिक, असं मानलं तर

आपल्याकडे प्रपंच आणि परमार्थ अशी एक सरळ विभागणी बोलण्यात असते, आणि बऱ्याच ख्रिस्ती परंपरांतही ऐहिक व आध्यात्मिक असे दोन कप्पे असतात. मॉर्मन विचार इथे जरा हट्टी आहे. जोसेफ स्मिथ यांना झालेले साक्षात्कार म्हणून जे वेगळं पुस्तक चर्चने जपलंय, त्यात देव म्हणतो की माझ्या लेखी सगळ्याच गोष्टी आध्यात्मिक आहेत, निव्वळ ऐहिक असा नियम मी कधी दिलेलाच नाही. म्हणजे काय खावं-प्यावं, झोपावं कधी, कर्ज काढावं की नाही, हे सगळं धर्माच्या पोटात आलं. मग पंक्चर काढणं त्याबाहेर कसं राहील?

दुसरी गोष्ट, छोट्याचं मोल. बुक ऑफ मॉर्मनमध्ये एक कुटुंब जेरुसलेम सोडून वाळवंटात निघतं. एका सकाळी बापाला तंबूच्या दाराशी पितळेचा एक गोळा पडलेला दिसतो. आत दोन काटे, त्यातला एक वाट दाखवतो. या वस्तूचं नाव लियाहोना. गंमत अशी की ती आपोआप चालत नाही. घरच्यांनी श्रद्धा आणि मेहनत सोडली की काटे थांबतात. पुढे एक वंशज आपल्या मुलाला सांगतो, की रोज इतकी सोपी गोष्ट करायची होती म्हणूनच आपल्या पूर्वजांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि वाट लांबवून घेतली. छोट्या, साध्या गोष्टींतून मोठी कामं घडतात, हे याच प्रकरणातलं वाक्य मिशनऱ्यांच्या तोंडी सतत असतं. आभाळ फाटून आकाशवाणी होईल याची वाट बघत बसू नकोस, तंबूच्या दाराशी काय पडलंय ते बघ, असा त्याचा रोख.

या सवयीला अलीकडे एक रूढ नावही मिळालं. 2005 मध्ये चर्चच्या ‘बारा प्रेषित’ या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळातले एक, डेव्हिड बेडनार यांनी ‘टेंडर मर्सीज’वर भाषण केलं: देवाच्या हळुवार, वैयक्तिक कृपा, ज्या दुसऱ्याला योगायोग वाटतील. तेव्हापासून पत्रांत हा शब्द पावलोपावली दिसतो. दोन वर्षांनी चर्चचेच दुसरे एक वरिष्ठ नेते हेन्री आयरिंग यांनी आपली एक जुनी सवय सांगितली. मुलं लहान असताना ते रोज रात्री काही ओळी लिहीत, आणि लिहिण्याआधी स्वतःला विचारत की आज आपल्या घरावर देवाचा हात कुठे फिरला. आधी काहीच आठवायचं नाही; विचारत राहिलं की दिवसातलं काहीतरी वर यायचं. वाण्याने दुकान बंद करताना गल्ला मोजावा तसा हा रोजचा हिशेब. माझ्या मते सगळं कसब या प्रश्नात आहे. धडा आपण होऊन येत नाही, विचारणाऱ्याला सापडतो.

यंत्रणा

मिशनरीचा दिवस पाहिला की हा प्रश्न विचारण्याची सोय किती जागोजागी करून ठेवलीय ते कळतं. जुन्या ठरलेल्या वेळापत्रकात साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. सकाळी एकट्याने वाचन, मग जोडीदाराबरोबर. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, एकट्याने भटकणं तर नाहीच. जोडीदार, ज्याला ते ‘कंपॅनियन’ म्हणतात, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं हे बायबलमधलं, पण त्याचा रोजचा अर्थ असा की यूटाचा शेतकऱ्याचा मुलगा आणि ब्राझीलचा किंवा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा मुलगा एका खोलीत, एका मोरीवर, एका तव्यावर राहतात. कोण घोरतो, कोण भांडी तशीच ठेवतो, कोण सकाळी गाणं म्हणतो. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्यात जोडीदार बदलू शकतो, नाहीतर तोच पुढचे सहा आठवडे. पत्रांतले निम्मे धडे शेवटी या माणसाबद्दल असतात, हे मला फार खरं वाटतं. परक्या धर्माच्या माणसाला प्रेमाने समजावणं त्या मानाने सोपं असेल, पण रोज ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्याला समजून घेणं?

आठवड्यात एक ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी पत्र. 2019 पर्यंत घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला करता येई. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. तोवर हे पत्र म्हणजे घराशी जोडणारा मुख्य धागा होता. आता कल्पना करा: आठवडाभर कुणी ऐकून घेतलं नाही, घरी आई वाट बघतेय, आणि तासाभरात काहीतरी लिहायचंय. रिकाम्या आठवड्यातून सांगण्यासारखं काढायला माणूस आपोआप शिकतो.

लिहून ठेवण्याचा हा नाद आजचा नाही. चर्चची स्थापना झाली त्या दिवशीच, 6 एप्रिल 1830 ला, नोंद ठेवा असा आदेश आल्याचं ते मानतात. याचा फायदा आपल्या इतिहासालाही झालाय. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. लष्करातले गोरे शिपाई आणि कारकून हे त्याचे पहिले श्रोते. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध, इतर पाद्र्यांचा विरोध, वर्तमानपत्रांतून टीका. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात एक छोटी मंडळी उभी राहिली, डझनभर माणसांची. ती टिकली नाही. 1850 च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात आलेले बहुतेक मॉर्मन मिशनरी परतले होते. फिंडलेची रोजनिशी मात्र उरली. संख्या बघितली तर अपयश, रोजनिशी बघितली तर भरलेली वर्षं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जपान: जिथे नकारही नम्र असतो

हे कसब कुठे सगळ्यात जास्त कसाला लागतं असं विचाराल तर मी जपानचं नाव घेईन. तिथे पहिले चार मॉर्मन मिशनरी 12 ऑगस्ट 1901 ला योकोहामाला उतरले. प्रमुख होते हेबर ग्रँट, वय 44, व्यवसायाने विमा आणि बँकिंगमधले यशस्वी गृहस्थ, पुढे चर्चचे अध्यक्ष झाले. यूटात चिकाटीबद्दल त्यांचं नाव होतं, पण जपानी भाषेने त्यांना दाद दिली नाही. दोन वर्षांनी ते परतले. त्यांच्यासोबत आलेला अल्मा टेलर तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता; तो आठ वर्षांहून अधिक काळ राहिला, भाषा शिकला आणि बुक ऑफ मॉर्मनचं पहिलं जपानी भाषांतर त्याने केलं. ते 1909 मध्ये छापून आलं. 1924 मध्ये मिशन बंद करण्यात आलं, आणि ते बंद करणारे अध्यक्ष ग्रँटच होते. तेवीस वर्षांत 166 बाप्तिस्मे झाले होते. वर्षाला सात.

गल्लीत शिकवणी काढली तरी वर्षाला यापेक्षा जास्त पोरं जमतील. पण इथेच ते व्यावहारिक कारण सापडतं, ज्याबद्दल सुरुवातीला म्हटलं. दिवसाचं यश ‘किती लोकांनी बाप्तिस्मा घेतला’ यावर मोजलं, तर बहुतेक मिशनऱ्यांचे बहुतेक दिवस फुकट गेले असंच म्हणावं लागेल. माणूस दोन वर्षं असा हिशेब मांडून जगू शकत नाही. त्याला दिवसाकडे बघायची दुसरी मोजपट्टी लागते, आणि रोजच्या गोष्टींत धडा शोधणं ही ती मोजपट्टी.

युद्धानंतर, 1948 मध्ये मिशन पुन्हा सुरू झालं. आज जपानला जाणारा अमेरिकन मुलगा आधी यूटातल्या प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात साधारण दोन महिने जपानी घोटतो, आणि विमानतळाबाहेर पडताच त्याला कळतं की शिकलेलं आणि ऐकू येणारं यांचा फारसा संबंध नाही. काम काय? सायकल, हेल्मेट, वस्ती. स्टेशनबाहेर लोकांशी बोलणं. चर्चच्या इमारतीत फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग, ज्यांना येणारे बरेचजण इंग्रजीसाठीच येतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं. कुणाच्या अंगणातलं गवत काढून देणं, बर्फ उपसणं.

आणि दारं. जपानी घराच्या दारातून आत गेलं की लगेच घर लागत नाही. आधी गेंकान नावाची खोलगट जागा असते, घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली. चपला-बूट तिथेच काढायचे, आणि टोकं दाराकडे करून नीट लावायचे. पाहुणा वर बोलावल्याशिवाय पायरी चढत नाही. त्यामुळे आत घेतलेला मिशनरीही आधी त्या खड्ड्यात उभा असतो आणि यजमान त्याच्यापेक्षा उंचावर. बहुतेकदा तर तेवढंही होत नाही. इंटरकॉमवरून ‘केक्को देसु’ येतं. नको, असू दे. इतक्या अदबीने सांगितलेलं की नवख्याला आपल्याला हाकललं हे जरा उशिरा कळतं. शिव्या खाल्ल्या तर छळ सोसल्याचं समाधान तरी मिळतं, अदबीच्या नकारात तेही नाही.

मग चहा येतो. 1833 च्या एका साक्षात्काराला धरून हे लोक दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा घेत नाहीत. हिरवा चहाही नाही, कारण पान तेच. ज्या देशात पाहुण्यापुढे चहा ठेवणं म्हणजे स्वागताची पहिली खूण, तिथे ही पंचाईत किती ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. ‘घोटभर तरी घ्या’ला नाही म्हणून बघा कुणाच्या घरी. जाणकार यजमान सातूचा ‘मुगिचा’ देतात, तो चालतो, कारण त्यात चहाचं पान नाहीच.

या चहानेच एक नोंदलेली गोष्ट घडवली. 1945 च्या अखेरीस, युद्ध नुकतंच संपलेलं, नागोयाजवळच्या नारुमीत काही अमेरिकन सैनिक हिंडत होते. चहा पुढे आला आणि त्यांनी तो नाकारला. तात्सुई सातो नावाच्या गृहस्थाने कारण विचारलं. जिंकलेल्या फौजेची माणसं, मनात आणलं तर काहीही मागू शकतील अशी, आणि चहाचा पेला घेत नाहीत? बोलणं वाढलं, भेटी वाढल्या. जुलै 1946 मध्ये सातो पती-पत्नींनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीचा बाप्तिस्मा बॉइड पॅकर नावाच्या तरुण वैमानिकाने केला. तो पुढे चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक झाला. सातो यांनी बुक ऑफ मॉर्मनचं नवं, बोलीजवळचं भाषांतर केलं, ते 1957 मध्ये आलं. नकाराचा पेला नसता तर हे झालं नसतं, असं मॉर्मन लोक सांगतात. बाहेरचा माणूस म्हणेल योगायोग. मला एवढंच दिसतं, की सैनिकांनी कुणाला उपदेश केला नव्हता. एका माणसाला कुतूहल वाटलं आणि त्याने विचारलं.

कुठे बिनसतं

आता दुसरी बाजू. ही मोजपट्टी जेव्हा बाजूला पडते आणि आकडे पुढे येतात तेव्हा काय होतं, याचंही उदाहरण जपानातच आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 1980 च्या सुरुवातीला टोकियोच्या काही भागांत झटपट बाप्तिस्म्यांची लाट आली. रस्त्यावर भेटलेल्या तरुणांना थोडक्या वेळात बाप्तिस्मा, आकडे फुगले, आणि त्यातले फारच थोडे पुढे चर्चमध्ये दिसले. चर्चच्याच आतल्या जपानी अभ्यासकांनी यावर नंतर परखड लिहिलंय. घाईत असलेल्या मिशनऱ्याला समोरच्या माणसाचा चेहराही धड दिसत नसणार, धडा कसला दिसतोय.

पण धडा शोधण्याच्या सवयीलाही स्वतःचा रोग आहे. प्रत्येक दुःखाला अर्थ असलाच पाहिजे असं ठरवलं, की ज्याला तो सापडत नाही त्याला स्वतःचीच श्रद्धा कमी वाटू लागते. घरच्या आठवणीने रात्र रात्र जागणारा एकोणीस वर्षांचा मुलगा घरच्या पत्रात ‘या आठवड्यात देवाने मला नम्रता शिकवली’ असं लिहितो, तेव्हा त्याला कदाचित नम्रतेची नाही, डॉक्टरची गरज असते. मुदत पूर्ण होण्याआधी परतलेल्या मुलांना गावात डोळे चुकवत हिंडावं लागतं, हे या समाजातले लोक स्वतःच बोलतात. बस चुकली त्यात कृपा शोधणं निरुपद्रवी आहे. आजारपणात ती शोधायला लावणं हा मला निष्ठुरपणा वाटतो.

मग चांगलं पत्र आणि पाट्या टाकलेलं पत्र कसं ओळखायचं? मी एक साधी गोष्ट बघते. समजा, दोन मुलांनी एकाच पंक्चरबद्दल लिहिलं. पहिला लिहितो: पावसात सायकल पंक्चर झाली, फार वैताग आला, मग आठवलं की संकटं आपल्याला घडवतात, देवाचे आभार. झालं. यात पाऊस नाही, सायकल नाही, तो देश नाही. हेच वाक्य पेरूमधूनही आलं असतं.

दुसरा लिहितो: दुकान बंद व्हायला आलं होतं. म्हाताऱ्याने काही न बोलता चाक काढलं, ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती पाण्याच्या टबात थोडी थोडी फिरवत गेला. बुडबुडे येईनात. तो परत सुरुवातीपासून फिरवू लागला. मला घाई होती, आठ वाजता एका कुटुंबाकडे जायचं होतं. भोक सुईच्या टोकाएवढं होतं. त्याने खडूने खूण केली आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. पैसे घेताना विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं. माझ्या जपानीत जेवढं जमलं तेवढं सांगितलं. त्याचा मुलगा ओसाकाला असतो, दोन वर्षं आलेला नाही. आम्ही आठच्या भेटीला उशिरा पोचलो, ते कुटुंब झोपलं होतं.

दुसऱ्या पत्रात धडा लिहिलेलाच नाही. तरी घरी ते वाचणाऱ्या आईला पोरगा काय शिकतोय ते कळेल, आणि तिला त्या सायकलवाल्याचीही थोडी काळजी लागेल. पुढच्या पत्रात ती विचारेलही, त्याचा मुलगा येऊन गेला का रे?